रकाना भरताना

वायरिंगच्या धंद्यात शिरलो तेव्हा वाटलं होतं, पक्कड आणि टेस्टर हातात आला की झालं. पुढे सुपरवायझरचा परवाना मिळाला आणि पकडीची जागा पेनानं घेतली. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत घरं, दवाखाने, डाळ मिल, मंगल कार्यालयं, जे मिळेल त्याचं विजेचं काम करतो. तारा ओढण्याचा त्रास वाटत नाही. जीव खातात ते शेवटचे कागद. टेस्ट रिपोर्ट, चेकलिस्ट, लोडशीट, अर्थिंगचं रजिस्टर, परमिट. घरी बायको म्हणते, 'तुम्ही वायरमन आहात का तलाठी?' तलाठ्याकडे निदान सातबारा मागायला लोक येतात. माझा कागद एकदा फायलीत गेला की कुणी उघडून बघत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ती जिथं जिथं ढिली झाली, तिथलं थोडं लिहितो. क्रम कसाही लागला आहे.

१. जमीन वर्षभर एकच उत्तर देत नाही. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात; खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. जुलैत दोन ओहम दाखवणारा अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात पाच-सहाच्या पुढे सरकतो. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांपर्यंत एक गोष्ट टिकून आहे ती याच कारणानं: अर्थिंग कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी मोजायचं, दोन वर्षांतून किमान एकदा. प्रत्यक्षात काय होतं? तपासणीच्या आदल्या संध्याकाळी खड्ड्यात दोन बादल्या मीठपाणी ओततात आणि सकाळी आकडा गुणी बाळासारखा वागतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातुरात हे जमण्यासारखं नव्हतं. मांजरा धरण आटलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. त्याच दिवसांत एका अपार्टमेंटमध्ये अर्थिंग मोजत होतो. आमचा हेल्पर सवयीनं बादली घेऊन खड्ड्याकडं निघाला. पार्किंगमध्ये बाजेवर बसलेली आजी ओरडली, 'मान्सायला प्यायला न्हाई, अन् तू मातीला पाजायलास व्हय रं?' पोरगं बादली धरून तसंच उभं. मी म्हटलं, ठेव खाली. कोरड्या खड्ड्याचा आकडा घेतला. तो चांगला नव्हता. तोच लिहिला आणि शेऱ्यात 'पाणी न घालता' असं जोडलं. मग सोसायटीला दुसऱ्या इलेक्ट्रोडचा खर्च पटवताना माझा घसा कोरडा पडला, ते वेगळं. पण नियम करणाऱ्यांना जो दिवस हवा होता तो हाच होता, हे मला आजीमुळं कळलं. तेव्हापासून मोजमापाच्या तारखेशेजारी शेवटचा पाऊस कधी झाला तेही लिहितो. त्याला रकाना नाही, समासात लिहितो.

२. 'मोजता आलं नाही' असं लिहायला फार धीर लागतो. अर्थ टेस्टरच्या दोन खुंट्या जमिनीत ठोकाव्या लागतात. एक लांब, दुसरी त्या अंतराच्या साधारण बासष्ट टक्क्यांवर. मग मधली खुंटी थोडी इकडं, थोडी तिकडं सरकवून बघायची. आकडा हलला नाही तरच तो खरा. आता हे गंजगोलाईत करून बघा. सोळा रस्ते एकत्र येतात, पण खुंटी ठोकायला वीतभर माती सापडायची नाही. ओलं पोतं काँक्रीटवर टाकून भागवणारे आहेत, मागच्या वर्षीचा आकडा उतरवून घेणारेही आहेत. रिकामा रकाना दिसला की तपासणारा कपाळाला आठ्या घालतो, भरलेला दिसला की पुढचं पान उलटतो. अशा व्यवस्थेत खरं लिहिणाराच आळशी ठरतो. मी रकाना रिकामा ठेवून कारण लिहितो आणि बोलणी खातो.

३. चाचणीनंतर सुतार येतो. वायरिंग झालं की मेगरनं पाचशे व्होल्ट सोडून इन्सुलेशन बघायचं. त्याआधी सगळी बटणं चालू करायची, दिवे-पंखे काढून ठेवायचे, एलईडीचे ड्रायव्हर आणि इन्व्हर्टर सोडवायचे, नाहीतर मेगरच त्यांचा बळी घेतो. किमान एक मेगओहम हवा. नव्या कामात शेकड्यांनी येतो आणि माणूस खूश होऊन सही करतो. मग पीओपीवाला येतो, सुतार येतो, कपाटाचे स्क्रू भिंतीत जातात. गृहप्रवेशाच्या दिवशी करंटची गळती पकडून वीज तोडणारा ईएलसीबी टिकत नाही आणि बोलणी वायरमनला बसतात. अशाच एका घरात मी सुतारावर तोंडसुख घ्यायला गेलो. त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून शांतपणे विचारलं, 'भाऊ, पाइप कुठून नेलाय ते आम्हाला कुणी दाखवलं?' उत्तर नव्हतं. माझ्या फायलीत मेगरचे सगळे आकडे होते, भिंतीत काय आहे त्याची एक रेघ नव्हती. आता प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढतो, छापून फायलीत लावतो आणि एक प्रत सुताराच्या हातात देतो. फर्निचर संपल्यावर मेगर पुन्हा लावतो. दुसऱ्या फेरीचे पैसे कुणी देत नाही.

४. टिकमार्क करायला बोर्ड उघडावा लागत नाही, ही चेकलिस्टची मोठीच सोय आहे. 'तारांची रंगसंगती' असा एक रकाना असतो. लाल-पिवळा-निळा फेज, काळा न्यूट्रल, हिरवं अर्थिंग. सगळ्यांना पाठ आहे, म्हणून सगळे बरोबरची खूण करतात. पण शनिवारी संध्याकाळी लाल तारेचं बंडल संपतं, दुकान बंद झालेलं असतं, हिरवं बंडल पडलेलं असतं. एका साइटवर सहज दोन बोर्ड उघडले तर हिरव्यातून फेज पळत होता. मिस्त्री जुना, हाताचा वाकबगार. म्हणाला, 'साहेब, करंटला रंग कळतोय का?' मी काही बोलायच्या आत स्टुलावर चढलेला हेल्पर म्हणाला, 'करंटला न्हाई, पण मला कळतोय की मामा. उद्या हिरवी दिसली की मी हात लावनार.' मिस्त्रीनं एकही शब्द न बोलता ती तार ओढून काढली. सुरक्षेवरची भाषणं मी बरीच ऐकलीत, दोन-चार ठोकलीही आहेत. त्या पोराच्या वाक्याची सर एकालाही नाही.

५. सही ही आमच्या धंद्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. नवं मीटर घ्यायचं तर टेस्ट रिपोर्ट लागतो. त्यामागं ठेकेदार, पर्यवेक्षक आणि तारतंत्री अशा तिघा परवानाधारकांनी काम केलं, पाहिलं, मोजलं असं गृहीत आहे. पण सही-शिक्का मारलेला कोरा रिपोर्ट कुठल्या झेरॉक्सच्या दुकानात कितीला मिळतो, हे गिऱ्हाइकाला आमच्याआधी ठाऊक असतं. माझ्याकडंही पाव्हणे आले. 'घर बांधून झालंय, वायरिंग गावातल्या पोरानं चांगलं केलंय, तुमची एक सही तेवढी पायजे.' मी म्हटलं, येऊन बघतो, मोजतो, मग करतो. पाव्हणे म्हणाले, एवढा काय अविश्वास. त्यांच्या वास्तुशांतीचं आमंत्रण मला आलं नाही. यात माझं तत्त्व वगैरे काही नव्हतं, निव्वळ भीती होती. अपघात झाला की विद्युत कायद्याच्या १६१ व्या कलमाखाली त्याची खबर द्यावी लागते, विद्युत निरीक्षक चौकशीला येतो आणि अशा वेळी टेस्ट रिपोर्ट मागितला जातो. एरवी कुणी न उघडलेली फाईल त्या दिवशी पहिल्या पानापासून वाचतात. आणि सहीखाली 'पाव्हण्यांच्या आग्रहावरून' असं लिहिता येत नाही.

६. 'हो' आणि 'नाही' यांच्या मधल्या जागेत आग लागते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला, अकरा रुग्ण गेले. राज्यभर फायर ऑडिट आणि इलेक्ट्रिकल ऑडिटचे आदेश सुटले आणि आमचे फोन वाजू लागले. खरं सांगतो, बहुतेकांचा प्रश्न एकच: 'रिपोर्ट कधी मिळेल?' काय सापडलं, हे विचारणारे थोडे. नांदेडात असाच एका छोट्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर मॅडमनी आधीच्या कुणाचा तरी रिपोर्ट पुढ्यात टाकला. वरपासून खालपर्यंत 'ओके'. म्हणाल्या, 'आमची सिस्टर पेशंटच्या चार्टवर ताप ओके असं लिहिते का? आकडा लिहिते, वेळ लिहिते. तुमच्यात तशी पद्धत नाही का?' तसा रिपोर्ट उद्या मीही लिहू शकलो असतो, म्हणून गप्प बसलो.

मग त्यांच्याच देखत एसीच्या सर्किटचा एमसीबी बघितला. अडीच चौरस मिलिमीटरची तार, आणि तिच्यावर ३२ ॲम्पिअरचा एमसीबी. आधी १६ चा होता. दुसरा एसी बसल्यावर तो सारखा पडायला लागला, म्हणून कुणीतरी मोठा टाकला. पडणं बंद झालं, सगळे सुखी. तार मात्र आत भाजत होती. टर्मिनलजवळचं इन्सुलेशन तपकिरी होऊन कडक झालं होतं, नखानं खरवडलं तर तुकडा निघाला. जुन्या रिपोर्टमधलं वाक्य होतं, 'एमसीबी बसवला आहे का? हो.' उत्तर शंभर टक्के खरं होतं. प्रश्नच असा होता की खरं उत्तर देऊनही काही कळू नये. आता मी छापील चेकलिस्टला दोन रकाने हातानं जोडतो: एमसीबी किती ॲम्पिअरचा आणि त्याच्यापुढची तार किती जाडीची, शेजारी शेजारी. लोडही सकाळी अकराला क्लॅम्प लावून घेत नाही. मे महिन्यात रात्री नऊला, सगळे एसी घोंगावत असताना घेतो. मंजूर भार किती आणि ओढतात किती, ते तेव्हा दिसतं. मॅडमनी वायरिंग बदलून घेतलं. पैसे हप्त्यानं दिले, पण चार्टची शिकवणी फुकट दिली.

७. छापील चेकलिस्ट ज्यानं केली त्यानं डाळ मिल पाहिलेली नसते. लातूरच्या एमआयडीसीत तुरीच्या हंगामात जा. हवेत चुनी-भुशाची इतकी बारीक धूळ असते की पॅनलचं दार उघडलं की पिवळसर थर हळूच घसरतो. काँटॅक्टर अडकतो, ऑपरेटर काडीनं ढकलतो, मग सारखं उघडायचा कंटाळा म्हणून झाकणच काढून ठेवतो. गरम टर्मिनल आणि कोरडा भुसा, आणखी काय लागतं? चेकलिस्टमध्ये प्रकाश, वायुवीजन, रबरी चटई, धोक्याची पाटी, प्रथमोपचाराचा तक्ता, सगळं आहे. धूळ नाही. मालकाला म्हटलं, धुळीची एक ओळ वाढवू आणि दर आठवड्याला पॅनल बंद करून साफ केल्याची सही घेऊ. मालक हसले, 'डाळ मिलमध्ये धूळ लिहिता, उद्या विहिरीत पाणी लिहाल.' ओळ वाढवली. सही ऑपरेटर करतो, कधी कधी सलग चार आठवड्यांच्या सह्या एकाच पेनानं, एकाच दिवशी दिसतात. म्हणून मी सहीबरोबर दारामागं बोट फिरवून बघतो.

८. सगळ्यात रटाळ कागद जिवाशी सगळ्यात जवळचा असतो. अकरा केव्हीवर हात घालायचा तर सबस्टेशनमधून परमिट घ्यायचं. कुठलं फीडर, किती वाजता बंद, कुणाच्या नावावर. काम संपलं की ज्यानं घेतलं त्यानंच परत करायचं. आता मोबाइल आलेत. 'बंद करा' आणि 'सोडा' एवढ्या दोन शब्दांत परमिट उरकतं आणि त्या दोन शब्दांत लोक मेलेत. नांदेड जिल्ह्यात एका खेड्यावर आमच्या ट्रान्सफॉर्मरचं काम चाललं होतं. बरोबर एक जुने लाइनमन मामा. गव्हाला पाणी द्यायची वेळ, सकाळपासून लाइन बंद, डीपीखाली माणसं जमली. कुणी आयमाय काढतंय, कुणी पुढाऱ्याला फोन लावून मामांच्या कानाला देतंय. मामांनी फोन घेतला नाही. परमिटचा कागद शर्टाच्या वरच्या खिशात, त्यावर हात. काम झालं, माणसं मोजून खाली उतरवली, मगच मोटारसायकलला किक मारून स्वतः कागद परत द्यायला गेले. मला जास्त नवल वाटलं ते सकाळचं. परमिट हातात आल्यावरही त्यांनी आधी डिस्चार्ज रॉड टाकला, कामाच्या दोन्ही बाजूंना लाइन अर्थ केली, मग माणूस चढवला. मी विचारलं, परमिट तर आहे ना? म्हणाले, 'परमिट सबस्टेशनचं हाय. गावात कुनाचं जनरेटर उलटं घुसलं तर त्याला काय परमिट वाचता येतंय?' इतका कागद जपणारा माणूस कागदावर एवढा कमी विसंबतो, हे मी पुन्हा दुसऱ्या कुणात पाहिलं नाही.

९. काही नोंदी बायकांच्या डोक्यात असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर औसा, निलंगा, लोहारा या भागांत गावंच्या गावं नव्या जागी वसवली गेली. तिथल्या एका घराचं जुनं वायरिंग बदलायचं काम आलं. मूळ दोन खोल्या, पुढं पोरांनी वाढवलेल्या तीन. फ्रिज, कूलर, मिक्सर, बोअरची मोटर, सगळं त्या दोन खोल्यांच्या तारेवर. एका होल्डरला बटण न्यूट्रलमध्ये होतं. दिवा विझलेला आणि होल्डर जिवंत. मूळ कामाचा कागद कुणाकडंच नव्हता. अर्थिंग कुठं पुरलंय, कुणाला सांगता येईना. घरमालक अंगणात तीन ठिकाणं दाखवून मोकळा झाला. दोन खड्डे वाया गेले. तेवढ्यात त्याची आई उंबऱ्यात येऊन म्हणाली, 'न्हाणीच्या मोरीपाशी खांदा. मिस्त्रीनं तिथं खांदलं म्हून मी तवा भांडले होते.' खांदलं. हातभर खाली जीआयचा पाइप, भोवती माती एप्रिल महिन्यात ओली. त्या अनामिक मिस्त्रीनं सांडपाणी मुरतं ती जागा हेरली होती. दुष्काळातही न्हाणी पुरती कोरडी पडत नाही, हे त्याला कळत होतं. त्यानं ते लिहून ठेवलं नाही आणि तीस वर्षं ती नोंद एका भांडणाच्या आठवणीत राहिली. मी नवा आकडा घेतला आणि जागा, खोली, तारीख मीटरबोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं लिहून टाकली. कागदाला वाळवी लागते.

१०. दिव्याखाली अंधार ही म्हण आमच्या घरी जरा जास्तच शब्दशः लागू आहे. दुसऱ्यांच्या डीबीवर, म्हणजे एमसीबींच्या पेटीवर, नावांच्या पट्ट्या लावत हिंडतो. माझ्या घरच्या डीबीवर बरेच दिवस काहीच नव्हतं. शेवटी बायकोनं पोरीचा स्केचपेन घेऊन लिहिलं: 'देवघर आणि हॉल', 'गिझर', 'हा पाडला की फ्रिज बंद', 'याला हात लावू नये, ह्यांना विचारा'. मी गावभर 'सर्किट एक, सर्किट दोन' अशा सुबक पट्ट्या लावतो. कुठल्या एमसीबीनं काय बंद होतं हे त्या पट्ट्यांवरून मलासुद्धा कळत नाही, फायलीत बघावं लागतं. तिच्या अक्षरावरून शेजारची मुलगीही सांगेल. आता गिऱ्हाइकाकडं पट्ट्या लिहिताना घरातल्या बाईला बोलावून घेतो आणि ती जे म्हणते तेच लिहितो.

तुमच्याही घरात कुठंतरी डीबी असेल, बहुतेक कॅलेंडरमागं. दार उघडून बघा, कशानं काय बंद होतं ते लिहिलंय का. त्यात ईएलसीबी किंवा आरसीसीबी असेल तर त्यावर 'टी' अक्षराचं छोटं बटण असतं, ते दाबा. खटकन पडायला हवा. नाही पडला तर त्याच दिवशी वायरमन बोलवा, आणि बदलून झाल्यावर त्याच्याकडून तारीख घातलेला, आकडे लिहिलेला, सही केलेला कागद मागून घ्या. तो म्हणेल, कागद कशाला, मी आहे ना. तरी मागा.